हफीत दिसतो त्या वळणावर

"अल ऐन? अगं बाई, तिथे माणसं रिटायर व्हायला जातात!" दर्शनाने चपातीचा तुकडा हवेतच धरून ठेवला, म्हणजे मामला गंभीर होता. "तू सत्तावीसची आहेस, सदुसष्टची नाहीस."

"कंपनीने विचारलं नाहीये. सांगितलंय," मनाली म्हणाली.

"मेट्रो आहे तिथे?"

"नाही."

"टॉवर?"

"उंच बिल्डिंग बांधूच देत नाहीत म्हणे."

"मग आहे काय?"

"खजुराच्या बागा आहेत. आणि एक डोंगर."

"डोंगर!" दर्शनाने तो तुकडा अखेर तोंडात टाकला. "देवरुखवरून विमानात बसून आलीस ती डोंगर बघायला? आपल्याकडचे कमी पडले होते का गं?"

हे बोलणं शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये चाललं होतं. हॉलला प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेल्या खोलीत दोघींच्या दोन गाद्या, आणि खिडकी अशी की समोरच्या घरात आज कुठली भाजी शिजतेय ते वासावरून सांगावं. आकाश बघायचं तर खिडकीतून मान बाहेर काढून वर वळवावी लागे, आणि मनाली फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे मानेला असं वळवू नये हे तिला माहीत होतं. रोज बॉर्डर ओलांडून दुबईच्या क्लिनिकला जायचं, पेशंटच्या खांद्याला मशीन लावायचं, मशीनने बीप केलं की पुढचा खांदा. संध्याकाळी बसमध्ये उभ्या उभ्या झोप. या सगळ्याला ती 'माझं सेट झालंय' म्हणायची. आता कंपनीने अल ऐनला घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना चालवायचं काम काढलं होतं, आणि त्यासाठी मनाली वासुदेव शिगवण हे नाव कोणीतरी यादीत टाकलं होतं.

"जाते आणि येते परत," ती बॅग भरताना म्हणाली. "सहा महिन्यांत ट्रान्सफर मागते बघ."

"गादी ठेवते तुझी," दर्शना म्हणाली. "यल्ला, जा. उंटांना हाय सांग."

बसमध्ये तिला झोप लागली. मधे मधे डोळे उघडत तेव्हा बाहेर वाळू दिसे. आधी पिठासारखी फिकी, मग हळदीसारखी, आणि एका डुलकीनंतर चक्क तिखटासारखी लाल. पुढच्या डुलकीनंतर वाळू गेली होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं होती. झाडं, झाडांच्या पायाशी फुलं, फुलांच्या पायाशी पाण्याच्या काळ्या नळ्या. घरं बुटकी. बुटक्या घरांवर इतकं आकाश, की तिला आधी वाटलं कोणीतरी छत काढून नेलंय.

डोंगर मात्र नव्हता. सगळीकडे धुळीचा पांढुरका पडदा होता आणि गावाच्या दक्षिणेला, जिथे डोंगर असायला हवा तिथे, काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने दर्शनाला सांगून टाकलं, "डोंगर पण फसवा निघाला."

मग एका सकाळी तिने खिडकी उघडली. अल जीमी भागातल्या एका जुन्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली, खाली खजुराची बाग, बागेत होले घुमत होते. आणि मागे, काल रिकामं असलेल्या जागी, जबल हफीत उभा. पडदा कधी उघडला, कोणी उघडला, घंटा वाजली की नाही, काही पत्ता नाही. नुसती एंट्री. लांबच लांब, करड्या पाठीचा, एखादं मोठं जनावर कुशीवर निजावं तसा.

मनालीचा उजवा हात आपोआप उठला, छातीला लागला, कपाळाला लागला.

हात खाली आल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. तिने लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीबाहेर धरला.

"अगं, हा तर आपल्या जाखमातेच्या डोंगरासारखा!" सगुणाबाई म्हणाल्या. "पण अंगावर एक झाड नाही गं त्याच्या. उघडाच."

"इथे पाऊस नसतो ना, आई."

"वर देऊळ?"

"हॉटेल आहे म्हणतात."

"असू दे. हात जोडलेस का? जोडत जा. जागा कोणाची का असेना, तिचा राखणदार असतोच. नव्या माणसाने आधी त्याला सांगावं, मी आले म्हणून."

"सांगितलं."

"नाव सांगितलंस?"

"आई!"

"नुसता हात जोडून त्याला काय कळणार, कोण आलीय?"

मागून बाबा दिसले. देवरुख डेपोचे निवृत्त एस.टी. ड्रायव्हर वासुदेव शिगवण. फोनवर त्यांचं ठरलेलं एकच वाक्य असायचं, 'बरी आहेस ना, आईला देतो.' पण आज ते वाकून डोंगराकडे बघत राहिले. "रस्ता जातो का वर?" त्यांनी विचारलं.

"जातो. वळणावळणाचा."

"हां," ते म्हणाले. "बरी आहेस ना? आईला देतो."

*

त्या गावात मनाली हळूहळू विरघळत गेली. तिला स्वतःलाही कळलं नाही.

तिथे पत्ते चौकांवर सांगायचे. चौक म्हणजे मोठमोठी गोल वर्तुळं, मधे हिरवळ, आणि हिरवळीवर काहीतरी उभं केलेलं. कुठे चहादाणीएवढी नव्हे, खोलीएवढी दगडी कॉफीची किटली, कुठे घड्याळ, कुठे हरणं. "किटलीला वळसा घाल, हरणं डाव्या हाताला ठेव, मग आमचं घर." पहिले काही आठवडे कंपनीची गाडी तिला या वर्तुळांमधून फिरवत न्यायची, आणि मागच्या सीटवर बसून तिला वाटायचं आपण कुणाच्या तरी स्वप्नात चाललोय आणि ते स्वप्न कोणीतरी चमच्याने ढवळतंय.

तिची पहिली पेशंट उम्म राशिद. कमरेचं हाड मोडून बरं झालेलं, पण चालायचं नाव नाही. अंगणात गालिच्यावर बसून राहायची, समोर गहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, आणि खजूर. तरुणपणी तिचा नवरा मुंबईला ये-जा करायचा, त्यातून शिकलेली तिची स्वतःची हिंदी होती. मनालीला ती मनाल म्हणायची, कारण तसं नाव त्यांच्यात असतं आणि उरलेली 'ई' तिला अनावश्यक वाटायची; मनाली तिला मामा म्हणायची, तिकडे आईला म्हणतात तसं.

"मनाल! आज एक्सरसाइज खलास. आज गहवा."

"मामा, पहले वो खजूर के पेड़ तक चलेंगे. फिर गहवा."

"वो पेड़ हमारा है. हम क्यूँ जाएगा? वो आएगा."

"पेड़ के पैर नहीं हैं, मामा."

"हमारा भी नहीं है. डॉक्टर लोग ले गया."

तरीही ती उठायची. मनालीच्या हातावर आपला मेंदीभरला हात ठेवून, वॉकर ढकलत, तोंडाने सगळ्या जगाला शिव्या देत झाडाकडे निघायची. अर्ध्या वाटेत थांबायची आणि भिंतीवरून दिसणाऱ्या हफीतकडे बघायची. हात छातीवर ठेवायची, काहीतरी पुटपुटायची, मग पुन्हा चालायची. हळूहळू मनालीही तिथे थांबायला लागली. दोघी मिळून बघायच्या. दुबईत तिने हजार खांद्यांना मशीन लावलं असेल, पण एका माणसाबरोबर थांबून काही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर परत आली की ती खिडकीत बसायची. डोंगर आधी गुलाबी व्हायचा, मग जांभळा, मग नुसतीच एक जाड रेघ. ट्रान्सफर मागायचं ती विसरली. दर्शनाने आठवण केली तेव्हा म्हणाली, "बघू गं. फुलं लावलीत आत्ता रस्त्यावर. ती संपू देत."

आणि मग सुजीत सरांनी तिला ऑफिसात बोलावलं.

सुजीत सर त्रिशूरचे, पोटाने मोठे आणि स्वभावाने गरीब. वाईट बातमी सांगताना ते टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत. आज स्टेपलर फारच उघडझाप करत होता.

"मनाली, यू सी, ड्रायव्हर इज टेम्पररी अरेंजमेंट. होमकेअरवाला स्टाफ को अपना लायसन्स चाहिए. मॅनेजमेंट ऐसा बोला. फेब्रुवारी एण्ड तक."

"आणि नहीं हुआ तो?" घाईत मराठी आणि हिंदी एकत्र बाहेर पडलं.

"तो दुबई क्लिनिक में पोस्ट है ना तुम्हारा. वापस. नो प्रॉब्लेम. तुमको तो वही चाहिए था, नहीं?"

नोव्हेंबरमध्ये, नवी आली होती तेव्हा, हे ऐकून तिने नाच केला असता. आता नाही. डोळ्यांसमोर प्लायवूडचं पार्टिशन आलं, बीप करणारं मशीन आलं, आणि अर्ध्या वाटेत वॉकर धरून उभी असलेली उम्म राशिद आली.

"होईल सर," ती म्हणाली. "हो जाएगा. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला मत बोलो," सुजीत सर कळवळून म्हणाले. "यहाँ इन्शाल्ला बोला तो लोग समझता है, नहीं होगा."

*

ड्रायव्हर बापाची मुलगी, पण स्टिअरिंगला तिने कधी हात लावला नव्हता. शिगवणांच्या घरात गाडी नव्हती. बाबांची गाडी म्हणजे एस.टी., ती सगळ्या तालुक्याची. मनालीच्या वाट्याला तिच्यातली एक जागा यायची. सुट्टीत बाबांबरोबर गेली तर ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनच्या गरम झाकणापाशी. साखरप्याच्या पुढे घाट चढायला लागला की तिला गुंगी यायची. इंजिनाची धग, डिझेलचा वास, बाबांच्या खाकी बाहीची कड. मग एक वळण, वळणावर जाखमातेचं छोटंसं देऊळ, आणि अर्धवट झोपेत, काचेसमोर, एक मोठा हात उठायचा. छातीला, कपाळाला, आणि परत. तिच्या आठवणीतली ती सगळ्यात सुरक्षित गोष्ट होती. बाबांचा हात उठला, म्हणजे देवीला कळलं, म्हणजे आता झोपायला हरकत नाही.

अल ऐनच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला शिकवायला हुमेरा मिळाली. हुमेरा हैदराबादची. गॉगल, तोंडात बडीशेप, आणि पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, जो ती राग आला की वापरायची.

"कायकू रुके जी?" पहिल्याच वर्तुळाशी तिने विचारलं.

"गाड़ी आ रही है ना."

"किधर? वो तो मस्कत में है अब्बी! दावत पे बुलाए क्या तुम इन लोगां को? एक गया, पैले आप. दूसरा गया, पैले आप. तुम्हारा नंबर कब आता?"

मनाली शिकली. पट्टीतून जाणं शिकली, आरसे शिकली, किटलीला वळसा घालणं शिकली. एकच गोष्ट हुमेराला खटकायची. झाखेरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वळण होतं. घरांची रांग तिथे संपायची, आणि हफीत एकदम अंगावर यायचा. पूर्ण, पायापासून माथ्यापर्यंत. त्या वळणावर मनालीचा उजवा हात स्टिअरिंगवरून उठायचा.

"हात किधर उडा?"

"मक्खी थी."

"मेरेकू नै दिखी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"आज भी मक्खी?"

"हो. मतलब, हाँ."

"बड़ी नमाज़ी मक्खी है जी," हुमेरा बडीशेप चावत म्हणाली. "बराबर पहाड़ के सामनेच आती. टेस्ट के दिन इसकू घर पे रख के आना."

टेस्टच्या दिवशी शेजारी बसली पोलिसातली एक तरुण बाई. इस्त्रीचा गणवेश, डोक्याला काळं वस्त्र, मांडीवर टॅबलेट. मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या दोघी. मनालीने सगळं सुरेख केलं. किटली झाली, घड्याळ झालं, कोणालाही 'पैले आप' झालं नाही. आणि मग ते वळण आलं, कारण टेस्टचा रस्ता तोच होता. घरं संपली. हफीत आला. सकाळच्या उन्हात त्याच्या प्रत्येक घळीत निळी सावली भरलेली. हात उठला. छाती. कपाळ.

"व्हॉट इज धिस?" पोलीस बाईने विचारलं.

"सॉरी मॅडम. प्रेयर."

बाईने टॅबलेटवर बोट टेकवलं. रागाने नव्हे, अगदी शांतपणे. "प्रे अ‍ॅट होम," ती म्हणाली. "इन द कार, ड्राइव्ह."

खलास.

"काय झालं गं?" आईने फोनवर विचारलं.

"नापास."

"कशात?"

"नमस्कारात."

आई भडकली. देवाला हात जोडला म्हणून कोणी नापास करतं का, कसली ती माणसं, मी असते तर तिथल्या तिथे सांगितलं असतं वगैरे. मागून बाबांचा आवाज आला, "वळण डावं होतं की उजवं?"

"तुमचं काय मधेच!" आई म्हणाली.

*

दुसऱ्या टेस्टला तिने ठरवूनच टाकलं. बोटं स्टिअरिंगभोवती अशी आवळली की नखं पांढरी पडली. वळण आलं, घरं संपली, हफीत उभा राहिला. हात जागचा हलला नाही. मनालीने मनात टाळी वाजवली.

मागून एक मोठा हॉर्न वाजला.

हात धरला, तर पाय सुटला होता. तिचा पाय नकळत वर आला होता आणि भरधाव रस्त्यावर गाडी देवळाशी यावी तशी, अदबीने, जवळजवळ थांबत आली होती.

"वाय स्लो?" पोलीस बाईने विचारलं. तीच ती.

मनालीने घाईने पाय परत खाली दाबला.

हुमेराने त्या दिवशी तिला ओरडा दिला नाही, तेच जास्त लागलं. नुसती बडीशेपेची डबी पुढे केली. "एक टेस्ट बचा है महीने में," ती म्हणाली. "तुम्हारेकू गाड़ी आती जी. मेरेकू मालूम. तुम बस मक्खी का कुछ करो."

संध्याकाळी दर्शनाचा फोन आला. "ये गं परत. गादी आहे अजून. मालकीण नवी मुलगी बघतेय, पण मी सांगितलंय, थांब."

"दर्शना, इथे ना, सकाळी डोंगर असतो आणि दुपारी नसतो."

"बरं."

"म्हणजे धुळीत जातो. आणि मग परत येतो."

"मनाली, तू जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी उम्म राशिदने तिचं तोंड बघितलं आणि गहवा बाजूला सरकवला. मनालीने सांगितलं. लायसन्स, महिनाअखेर, दुबई. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू जाएगा तो दूसरा लड़की आएगा?"

"आएगी, मामा. अच्छी आएगी."

"उसको बोलो, पेड़ इधर आएगा," उम्म राशिद म्हणाली आणि त्या दिवशी उठली नाही.

शुक्रवारी सुट्टी घेऊन मनाली गच्चीवर बसली. डोंगर अर्धा होता. खालचा भाग धुळीत गेलेला, वरची पाठ तेवढी तरंगत होती. तिने बाबांना फोन लावला. आईला नाही, बाबांना.

"बरी आहेस ना? आई शेजारी गेलीय. आली की—"

"बाबा, तुमच्याशीच बोलायचंय."

पलीकडे बाबा खुर्चीत बसल्याचा आवाज आला.

"तुम्ही कसं करायचात? घाटात, जाखमातेच्या वळणावर. स्टिअरिंग सोडून नमस्कार करायचात, तरी गाडी इकडची तिकडे व्हायची नाही. मला सांगा ना कसं ते. मला एकदाच जमायला हवंय."

"कोण करायचं?"

"तुम्ही."

"मी?" बाबा इतके चकित झाले की खोकलेच. "घाटात? हात सोडून? अगं, पन्नास माणसं असायची मागे!"

"मी बघितलंय बाबा. शेजारी बसून. दर सुट्टीत."

"काय बघितलंस?"

"हात. मोठा. काचेसमोर उठायचा."

बाबा 'काचेसमोर?' म्हणाले. मग हसायला लागले. आधी हळू, मग मोकळं. मनालीने त्यांना असं हसताना किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

"ती संध्याकाळची गाडी," ते म्हणाले. "घाटात शिरेपर्यंत अंधारायला लागायचं. आत दिवे लावले की पुढची काच आरशासारखी होते. तिच्यात मागचं सगळं दिसतं. वळण आलं की गाडीतली झाडून सगळी माणसं हात जोडायची. बायका, पोरं, आमचा कंडक्टर. तो तर माझ्या खांद्यामागेच उभा असायचा, त्याचा पंजा हा एवढा. ते तू काचेत बघितलंस. अर्धी झोपलेली असायचीस तू, तोंड उघडं टाकून."

"म्हणजे तो तुमचा हात नव्हता?"

"माझे हात स्टिअरिंगवर होते, बाई. दोन्ही."

होले घुमत होते. डोंगराची पाठ धुळीत आणखी थोडी बुडाली.

"मग तुम्ही नमस्कार करायचातच नाही?"

"करायचो की. डेपोत. गाडी चालू करायच्या आधी, चाकाला. वळणावर कसला? वळणावर सगळ्यांनी हात सोडलेले, एकाने तरी धरायला नकोत? देवीला काय कळत नाही का, ड्रायव्हर ड्युटीवर आहे ते." ते थांबले. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "खरं सांगू का, ते देऊळ मी धड बघितलेलंच नाही. आयुष्यभर त्या वळणावरून गेलो. कळस कुठल्या रंगाचा आहे विचारशील तर सांगता येणार नाही. नजर रस्त्यावर."

"बाबा..."

"पण बरं वाटायचं हां. काचेत ते सगळे हात दिसले की बरं वाटायचं. माझ्याही वाटणीचा होऊन जायचा त्यात." खुर्ची करकरली. "आली बघ आई. देतो."

*

तिसऱ्या टेस्टच्या सकाळी मनालीने गाडीत बसायच्या आधी वाकून पुढच्या चाकाला हात लावला, मग छातीला, मग कपाळाला. पोलीस बाई दाराशी उभी राहून बघत होती.

"फिनिश्ड?" तिने विचारलं.

"फिनिश्ड."

"यल्ला."

किटली. घड्याळ. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना फुलं. मनालीला झोपेत असल्यासारखं वाटत होतं, पण हातापायांना सगळं ऐकू येत होतं. घरांची रांग संपली. तो आला असणार हे तिला कळलं, कारण गाडीतला उजेड बदलला. तिने रस्त्याकडे बघितलं. समोरची गाडी, पट्टी, आरसा. आरशात मागच्या सीटवरची फिलिपिनो मुलगी दिसली. पुढची पाळी तिची होती, भीतीने डोळे मिटून ती क्रॉसची खूण करत होती. कपाळ, छाती, एक खांदा, दुसरा खांदा.

मनालीचे दोन्ही हात जिथल्या तिथे होते. पाय जिथल्या तिथे. गाडी एका वेगाने, एका रेघेत त्या वळणावरून गेली.

परत आल्यावर पोलीस बाईने टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. चष्मा वर केला.

"नो प्रेयर टुडे?"

"ऑन ड्युटी, मॅडम."

बाईच्या ओठांचा एक कोपरा हलला. "मबरूक," ती म्हणाली आणि अभिनंदनाचा तो शब्द ऐकून मागची फिलिपिनो मुलगीच आधी टाळ्या वाजवायला लागली.

हुमेराने स्कूलच्या फाटकात तिला मिठी मारली. "मक्खी मरी?"

"मरी नहीं. पीछे की सीट पे बैठी है."

उम्म राशिदच्या अंगणात मनाली स्वतः गाडी चालवत गेली, तेव्हा म्हातारीने आधी गाडी बघितली, मग मनालीला बघितलं, मग वॉकर ओढून घेतला. "चलो," ती म्हणाली, "पेड़ बहुत दिन से राह देख रहा है." दर्शनाने गादी नव्या मुलीला दिली आणि फोनवर म्हणाली, "आता मीच येते एकदा. बघू तर खरं, असतो की नसतो तुझा तो डोंगर."

पण तिच्याआधी, मार्चच्या शेवटी, ऊन चढायच्या आत आई-बाबा आले. विमानतळावर मनाली गाडी घेऊन गेली होती. कंपनीची छोटी पांढरी गाडी. बाबांनी तिला एक प्रदक्षिणा घातली, टायर दाबून बघितले, आणि सवयीने उजवीकडचं दार उघडून आत बसले. बसल्यावर त्यांचे हात पुढे आले आणि हवेत थांबले. समोर काहीच नव्हतं. स्टिअरिंग डावीकडे, मुलीच्या हातात.

"ही काय पद्धत," ते म्हणाले.

"इथे असंच असतं, बाबा."

"जागा माझीच आहे, पण काम नाही."

मागच्या सीटवर आईला लगेच झोप लागली. बाबा मात्र सगळा रस्ता गाडी चालवत आले. उजवा पाय हवेत ब्रेक दाबत होता, मान आरशांकडे वळत होती. "अंतर ठेव. आता हा घुसणार बघ. घुसला! मी म्हटलं ना. पट्टी, पट्टी." मनाली "हो बाबा, हो बाबा" करत होती. वाळू फिकी होती, मग हळदीची झाली, मग लाल. हळूहळू त्यांच्या सूचना विरळ होत गेल्या. गाव येईपर्यंत त्यांचा पाय शांत झाला होता.

ती मुद्दाम झाखेरच्या रस्त्याने गेली. सूर्य उतरला होता, दिवे लागत होते. फुलं आता सुकायला आली होती. घरांची रांग चालली होती, चालली होती, आणि संपली.

बाबांनी बोलायचं थांबवलं.

मनालीने मान वळवली नाही. पण पुढच्या काचेत, काळोखायला लागलेल्या रस्त्याच्या वर, दोन मोठे हात पुसट उमटले. गुडघ्यांवरून ते सावकाश उठले, घाई नसल्यासारखे. एकमेकांना भेटले आणि तिथेच राहिले.

"बाबा, दिसला का नीट?" तिने हळूच विचारलं.

"तू समोर बघ," बाबा म्हणाले. "मी बघतोय."